आपल्या पायांनी आलेला आरोपी

मुंबई उच्च न्यायालयाचे माननीय मुख्य न्यायमूर्ती यांस,


तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात वकिली करण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने आपणांस उद्देशून जाहीर पत्र लिहावे, हे शिष्टाचाराला काहीसे सोडून आहे याची मला जाणीव आहे. परंतु ज्यांच्या वतीने मी लिहीत आहे त्यांची कैफियत एका खटल्याच्या दप्तरात मावणारी नसल्यामुळे हा मार्ग पत्करावा लागला.

बीडकडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल अंगावर घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या मुलखात उतरतो, आणि त्याच्या पाठीमागे, बांधाच्या कज्ज्यातून झालेल्या किरकोळ मारामारीच्या फिर्यादीवरून निघालेले समन्स, घराला कुलूप पाहून, दारावर डकवले जाते. तारीख येते आणि जाते, मग जामीनपात्र वॉरंट निघते, पुढे पकड वॉरंट निघते, आणि ज्याने पळ काढण्याचे मनातही आणले नव्हते असा इसम कागदोपत्री फरारी होऊन बसतो. तारखेसाठी मध्येच यावे, तर मुकादम खाडा लावतो. हंगाम आटोपून तो परततो तेव्हा वॉरंटाची वार्ता त्याला शेजाऱ्याच्या तोंडून कळते, आणि त्यानंतर मात्र तो खरोखरच न्यायालयाची वाट टाळू लागतो.

अशा वॉरंटाला वार्धक्य नाही. ते काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते अमलात राहील, ही तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १९७३ च्या संहितेत राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्येही कायम आहे. साहेबाचे राज्य गेले, वॉरंट तेवढे अजरामर राहिले.

त्याच संहितेच्या कलम ९१ अन्वये मात्र, ज्याच्यावर समन्स वा वॉरंट काढण्याचा न्यायाधीशांना अधिकार आहे असा इसम समक्ष उपस्थित असल्यास, त्याच्याकडून पुढील हजेरीचा मुचलका लिहून घेता येतो. ‘येतो’ म्हणजे घेतलाच पाहिजे असे नव्हे. म्हणून एका न्यायालयात दुपारपर्यंत घरी जाणारा माणूस दुसऱ्या न्यायालयात कोठडीत जातो, आणि चावडीवर चर्चा होते ती दुसऱ्याचीच. इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अजामीनपात्र वॉरंट काढताना बाळगावयाचा संयम सांगितला. निघालेले वॉरंट निस्तरण्याची रीत मात्र ज्या त्या न्यायालयाच्या मर्जीवर राहिली.

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या क्लीव्हलँड शहरी २००५ साली चार दिवस एका चर्चमध्ये न्यायदानाची व्यवस्था मांडली, तेव्हा वॉरंट असलेली आठशेहून अधिक माणसे आपण होऊन हजर झाली. आमच्याकडे न्यायासन देवळात न्यावे असे माझे म्हणणे नाही. मुळात देवळात चपला सांभाळण्याचीच पंचाईत! परंतु हंगामानंतर, वैशाखाच्या आत, ऊसतोडीच्या तालुक्यांत असे काही दिवस मुक्रर करावेत, किरकोळ गुन्ह्यांत आपल्या पायांनी आलेल्याचा अर्ज त्याच दिवशी ऐकून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, आणि वॉरंट रद्द झाल्याचा हुकूम पोलीस ठाण्यास तत्काळ धाडून त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच्याही हाती द्यावी. कारण रद्द झालेल्या वॉरंटाची जुनी प्रत हवालदाराच्या दप्तरात राहते आणि पोळ्याच्या दिवशी माणूस पुन्हा उचलला जातो, हे मी पाहिले आहे.

या दिवसांची वर्दी देणारे पत्रक, समन्स ज्या दारावर डकवले गेले त्याच दारावर, कुलूप निघाल्यानंतर, डकवावे, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त वकील