निळ्या रेषेवरील निवाडा

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वोत्कृष्ट बचावपटूस दिला जाणारा नॉरिस करंडक 2024 साली व्हँकूव्हरच्या क्विन ह्यूजला आणि पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या केल मकारला मिळाला, आणि योगायोग असा की आपापल्या त्या हंगामात दोघांच्याही खाती नेमके 92 गुण जमा होते. ह्यूजचे त्यांत 17 गोल, तर मकारचे 30. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद बर्फावरील हॉकीच्या रसिकांत हिरिरीने चालतो आणि दोन्ही पक्षांची सारी भिस्त या जमाखर्चावर असते. माझ्या मते हा जमाखर्च मुळातच अपुरा आहे.

या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याच्या आधी चकती ज्यांच्या स्टिकेवरून आली, अशा फार तर दोन सहकाऱ्यांना एकेक. आता बचावपटूचे मूळ काम पाहावे: आपल्याच गोलामागील कोपऱ्यात, प्रतिस्पर्धी पाठीवर धावून येत असता, चकती ताब्यात घ्यायची आणि ती बिनचूक पुढे धाडायची. तेथून निघालेली चकती तिघाचौघांच्या स्टिकांवरून फिरून गोलात शिरली, तर ज्याने या साऱ्याचा आरंभ केला त्याचे नाव दफ्तरी लागतच नाही. शिवाय काळाचे अंतर आहेच. पॉल कॉफीने 1985-86 च्या हंगामात 48 गोल केले आणि 138 गुण मिळवले, व बचावपटूने एका हंगामात केलेल्या गोलांचा तो उच्चांक अद्याप अबाधित आहे. परंतु त्या काळी एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठाच्या आसपास गोल होत, आणि कॉफी ज्या एडमंटन संघाकडून खेळे, त्यात त्याच्या पुढे साक्षात वेन ग्रेट्स्कीसारखा थोर आघाडीपटू खेळत असे. आज ती सरासरी सहाच्या घरात उतरली आहे. एरिक कार्लसनने 2022-23 मध्ये सॅन होजेच्या दुबळ्या संघाकडून 101 गुण मिळवले, आणि त्याच हंगामात त्याच्या नावापुढे उणे 26 चा आकडाही लागला; साधारणतः तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि संघावर झालेल्या गोलांतील ही तफावत. त्या आकड्याचा सारा बोजा त्याच्या एकट्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

मग पाहावे काय? बचावपटू पुढे जातो तेव्हा मागे जी जागा उघडी पडते, तिचा बंदोबस्त तो कसा करतो, हे पाहावे. त्याची जोखीम आंधळी आहे की तोलून घेतलेली आहे, याचा उलगडा तेथे होतो.

याचा सर्वांत तेजस्वी दाखला म्हणजे बॉस्टनचा बॉबी ऑर. 10 मे 1970 रोजी, लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ली करंडकाच्या, अंतिम लढतीतील चौथ्या सामन्यात, जादा वेळेची 40 सेकंदे उलटत असता त्याने सेंट लुईसवर जो गोल केला, तो जगाला एका छायाचित्रामुळे ठाऊक आहे: दोन्ही हात पसरून ऑर आडवा हवेत तरंगतो आहे. मला मात्र त्या क्षणाहून त्याच्या आधीची काही सेकंदे अधिक मोलाची वाटतात. सेंट लुईसचा खेळाडू चकती कठड्याच्या कडेने बाहेर काढू पाहत होता. ऑर आपली जागा सोडून पुढे घुसला आणि त्याने ती वाटेतच अडवली. ती त्याला चुकवून निसटली असती, तर त्याच्या पाठीमागे प्रतिस्पर्ध्यांना मोकळे रान मिळाले असते. त्याने चकती गोलामागे उभ्या असलेल्या सहकारी डेरेक सँडरसनकडे दिली, स्वतः गोलाकडे झेपावला, परत आलेली चकती गोलरक्षक ग्लेन हॉलच्या पायांमधून आत ढकलली, आणि मग सेंट लुईसच्या नोएल पिकार्डच्या स्टिकेने अडखळून तो हवेत उडाला. ही जोखीम घेण्याचा अधिकार त्याने आपल्या परतण्याच्या वेगाने कमावला होता. 1970-71 च्या हंगामात त्याच्या नावापुढे अधिक 124 लागले, आणि तो विक्रम आजतागायत कोणाला मोडता आलेला नाही. डाव्या गुडघ्याने त्याला अवघ्या 657 सामन्यांनंतर खेळातून उठवले, ही या खेळाची केवढी मोठी हानी!

आता मकार आणि ह्यूज. 4 जानेवारी 2022 रोजी शिकागोविरुद्ध जादा वेळेत मकार डाव्या बाजूने चकती घेऊन कठड्याकडे निघाला, शिकागोचा किर्बी डाक त्याच्या मागे लागला, आणि मकारने एकाएकी अशी गिरकी घेतली की डाक भलतीकडेच वाहवत गेला. मग सरळ गोलासमोर येऊन त्याने उलट्या हाताने चकती गोलरक्षक फ्लुरीच्या पलीकडे टाकली. ह्यूजचे सामर्थ्य निराळ्या जातीचे आहे. कोपऱ्यातील चकतीकडे जाताना तो आधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतो, पाठलाग करणारा कोणत्या बाजूने येतो हे हेरतो आणि नेमका दुसरीकडे वळतो. पुढे प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवर, म्हणजे त्याच्या मुलुखाच्या सीमेवर, तो इतका धीराने सरकत राहतो की बचावाची फळी आपसूकच विसकटते. स्वतःच्या मुलुखातून चकती सोडवून आणण्यात मी त्याला मकारच्या वर ठेवतो.

तरीही माझा कौल मकारलाच आहे. चढाई फसली आणि प्रतिस्पर्धी चकती घेऊन उलट फिरला, की मकार ज्या झपाट्याने मागे येऊन त्याला गाठतो, तो झपाटा आजच्या आक्रमक बचावपटूंत मला अन्यत्र दिसत नाही. मात्र ही कसोटी प्रामाणिकपणे लावायची, तर डेव्हन टेव्ज या त्याच्या जोडीदाराचीही दखल घेणे भाग आहे. मकार पुढे गेला की मागची जागा टेव्ज धरतो, आणि वर्षानुवर्षे तो हे काम इतक्या चोखपणे करीत आला आहे की मकारच्या परतीतला टेव्जचा वाटा किती, हे कोणत्याही गुणतक्त्यातून निघत नाही. त्यासाठी चकतीवरची नजर काढून तिच्यापासून पन्नास फूट मागे उभ्या असलेल्या त्या खेळाडूकडे पाहावे लागते.