शब्द मोजा, पण सगळे मोजा

मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आमच्या कोठीत घरी मराठी, गल्लीत दखनी, सांभाळणाऱ्या बाईंची तेलुगू. तपासणीत त्याला पेला दाखवला. तो 'पाणी' म्हणाला. 'नीळ्ळू' म्हटले नाही म्हणून फुली! वर सल्ला : घरातली मराठी बंद करा.

का म्हणून? दोन भाषांनी वाचा खुंटते याला पुरावा नाही. शब्द सर्व भाषांतले मिळून मोजायचे असतात.

पण 'बापही उशिराच बोलला' म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचेही मी ऐकणार नाही. आधी कान तपासा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. ती जरूर करा. आजीची भाषा मात्र कुणाला खोडू देऊ नका.