लढायला शिका, हाड तुमचं तुम्ही सांभाळा

मुलींना कराटे शिकवा, ही मागणी आपण वर्षानुवर्षं केली. आता तो सरकारी कार्यक्रम झाला आहे. समग्र शिक्षा अभियानात 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. सहावी ते बारावीच्या मुली, तीन महिने, शाळेमागे दरमहा ५ हजार रुपयांपर्यंत तरतूद. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातही मुलींचे असे वर्ग भरतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. ज्या शहाद्यात १९७०च्या दशकात आदिवासी बायांनी दारूचे अड्डे फोडले, तिथल्या नाती हात उगारायला शिकताहेत हे चांगलंच आहे. माझं भांडण वर्गाशी नाही, वर्गाआधी भरून घेतल्या जाणाऱ्या हमीपत्राशी आहे.

'प्रशिक्षणात इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' खाली पालकाची सही, नाहीतर अंगठा. आईबाप ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले असले तर आजीचा अंगठा. मुलीला आधीच सांगितलं आहे की तुझं रक्षण तू कर. आता हा कागद सांगतो की हाड मोडलं तर तेही तूच बांध.

आणि शिकवणारीचं काय? सातपुड्यातल्या एका शाळेत फेकीचा डाव दाखवताना माझ्या ओळखीची एक प्रशिक्षिका पडली. शेतमजुराची मुलगी, ब्लॅक बेल्ट. खाली मॅट नव्हती, फरशी होती. मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर फुकट झालं. पण सहा आठवडे वर्ग बंद, म्हणून मानधन बंद. शाळेने दुसरी बाई शोधली. तिने बँकेत वर्षाला २० रुपये भरून पंतप्रधान सुरक्षा विमा काढलेला होता. तो अपघाती मृत्यूला २ लाख देतो, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख देतो. सहा आठवड्यांत जुळणाऱ्या हाडाला तो काही देत नाही.

विद्यार्थिनींसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. पण शिकवणारी तिच्यात बसत नाही. कामावर जखमी झालेल्याला मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात १९२३ पासून आहे. मात्र आमची बाई 'कामगार' नाही, ती 'मानधनावर' आहे. अंगणवाडी ताईंना आणि आशांना विचारा, या एका शब्दाने बाईचे किती हक्क गिळले ते.

विमा सरकारला जमत नाही, असं म्हणायची सोय नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा काढला. माणशी हप्ता ७५ रुपये. मृत्यूला १० लाख, दवाखान्याच्या खर्चाला १ लाखापर्यंत. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर नेली. गोविंदांचं मला वाईट वाटत नाही. तीही कष्टकऱ्यांची पोरं आहेत, त्यांत मुलीही आहेत. पण हंडीसाठी वर चढणाऱ्याच्या हाडाला किंमत आहे आणि स्वतःला वाचवायला शिकणारीच्या हाडाला नाही, हा हिशोब कुणी मांडला?

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, 'विमा मागितला तर शाळा वर्गच बंद करतील.' मग बंद करणाऱ्यांना विचारू या, की मुलींची सुरक्षितता माणशी काही रुपयांनाही महाग होती का? ज्याने वर्ग ठरवला, त्याचं श्रेय घेतलं, धोकाही त्यानेच उचलायचा. गरीब मुलीने आणि गरीब प्रशिक्षिकेने तो आपसात वाटून घ्यायचा नाही.

मागताना नेमकं मागू या. एक, गट अपघात विमा. त्यात मुली आणि प्रशिक्षिका दोघींची नावं हवीत. दोन, त्यात दवाखान्याचा खर्च आणि काम बुडेल त्या आठवड्यांची भरपाई हवी. ती बऱ्याचदा ऐच्छिक असते, मागितल्याशिवाय मिळत नाही. तीन, पॉलिसीत 'धोकादायक खेळ' वगळलेले असू शकतात, म्हणून कराटे, ज्युदो ही नावं घालून संरक्षण लेखी घ्या. चार, जबाबदारीचा विमा. म्हणजे मुलीला इजा झाली आणि घरच्यांनी भरपाई मागितली, तर ती प्रशिक्षिकेच्या घरच्या शेळ्या विकून द्यावी लागू नये. पाच, विम्याआधी मॅट. मोडलेल्या हाडाच्या पैशांपेक्षा न मोडलेलं हाड बरं.

या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातल्या वर्गाचं हमीपत्र मागून वाचावं. 'जबाबदार राहणार नाही' हे वाक्य खोडायला लावावं आणि त्या जागी पॉलिसीचा क्रमांक लिहायला सांगावं. क्रमांक नसेल तर अंगठाही नाही.