दिसतंय, म्हणून थेंब सोडायचे?

‘मला सगळं स्वच्छ दिसतं. मग रोज थेंब कशाला?’ काचबिंदूच्या रुग्णाचा हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. थेंबांनी डोळा चुरचुरतो, लाल होतो, दरमहा पैसे जातात आणि नजर तसूभरही सुधारत नाही. तापाची गोळी घेतली की ताप उतरलेला कळतो. इथे काहीच कळत नाही.

तरीही ‘स्वच्छ दिसतं’ ही साक्ष इथे चालत नाही. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचणाऱ्याचाही काचबिंदू बराच पुढे गेलेला असू शकतो. तक्ता नजरेचा मध्य तपासतो. काचबिंदू बहुधा कडेने कुरतडत येतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो, उरलेली मेंदू भरून काढतो. दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये मात्र ती उघडी पडते. एक डोळा झाकून, हनुवटी यंत्रावर टेकवून समोरच्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि आजूबाजूला प्रकाशाचा कण चमकला की बटण दाबायचं. जिथे कण दिसत नाहीत, तिथे छापील कागदावर काळा डाग उमटतो. ‘तिथे दिवा लागलाच नव्हता,’ असं म्हणणारा रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याला तो खरोखरच दिसलेला नसतो.

‘पिकला की ऑपरेशन करू’ हा तर मोतीबिंदूचा हिशोब. तिथे गढूळ भिंग काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत मरतात त्या डोळ्याच्या नसेतले तंतू, आणि ते परत येत नाहीत.

डोळ्यातलं प्रेशर 21च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूकच. तेवढ्या दाबातही काहींची नस झिजते. म्हणून नसही तपासायला हवी.

मग थेंबांनी होतं काय? ब्रिटनमधल्या 516 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2015मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काहींना लॅटॅनोप्रॉस्ट या औषधाचे, काहींना औषध नसलेले थेंब दिले होते. दोन वर्षांत औषधवाल्यांपैकी सुमारे 15 टक्के, तर दुसऱ्या गटातल्या जवळपास 26 टक्के रुग्णांचं दृष्टिक्षेत्र आणखी घटलं. थेंब रोग बरा करत नाहीत, पण घसरण मंदावतात. हा फरक आरशात दिसत नाही, आलेखात दिसतो.

थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरावा, म्हणजे औषध घशात फारसं उतरत नाही. चुरचुर सोसवत नसेल, दमा असेल, खर्च झेपत नसेल, तर बाटली परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसं सांगावं. औषध बदलता येतं. अनेकांना लेझरचाही पर्याय असतो.