उपचार सिद्ध झाले, मग वस्तीपर्यंत पोहोचले का नाहीत?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आहे, दुसऱ्या टोकाला धरणामागची गावे आणि ताम्हिणी घाट. मधल्या पिरंगुट पट्ट्यात आपली अनेक मुले कंत्राटावर राबतात. मनाचा त्रास या सगळ्या ठिकाणी आहे, मानसोपचार मात्र पुणे शहरात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या, २२,७४६, महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. त्या वर्षी देशभरात आत्महत्या केलेल्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक रोजंदारीवर जगणारे होते. आपला समाज कुठल्या रांगेत उभा आहे, हे वेगळे सांगायला नको.

यावर ठरलेले उत्तर मिळते : डॉक्टर कमी आहेत. ते खरेच आहे. देशात एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, प्रमाण ०.७५ आहे. पण हे उत्तर अपुरे आहे, कारण नैराश्यावरचा प्रत्येक उपचार तज्ज्ञानेच द्यावा लागतो असे नाही, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटी घेतल्या. थांबलेली कामे, तुटलेल्या गाठीभेटी पुन्हा कशा सुरू करायच्या, यावर या भेटींत भर होता. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ उपक्रमात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे पद्धत आहे, पुरावा आहे, मराठी मुलखातला अनुभवही आहे. मग अडते कुठे?

पहिली अडचण : खाडा. कंत्राटी कामगाराला आठ भेटींसाठी शहरात बोलावणे म्हणजे आठ खाडे. धरणामागच्या गावातून एसटीने यायचे तर पूर्ण दिवस जातो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर माणूस येत नाही, तेव्हा कागदावर ‘रुग्णाने उपचार सोडले’ अशी नोंद होते. आमच्या मते तिथे उपचारांनीच माणसाला सोडलेले असते. गोव्यातील प्रयोग गावाजवळच्या केंद्रात झाला, हा त्याच्या यशाचाच भाग होता.

दुसरी : अर्धी नक्कल. गोव्यात समुपदेशकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे, सहकारी एकत्र बसून ते ऐकत, गुण देत, सुधारणा सुचवत. आपल्याकडे बहुतेक वेळा एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण होते, तक्ता हातात दिला जातो आणि पुढे कोणी विचारत नाही. लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत सगळे आशाताईंच्या डोक्यावर आहे, तेही कामागणिक मोबदल्यावर. त्यात मनाचे काम ‘सेवा’ म्हणून जोडले तर ते होणार नाही. ही त्यांची उणीव नाही, व्यवस्थेची आहे.

तिसरी : भाषा. वस्तीत ‘मला नैराश्य आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘टेन्शन आहे’, ‘झोप नाही’, ‘कशात जीव लागत नाही’ असे म्हणतात. शहरी मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवली की उत्तर ‘नाही’ असेच येते.

चौथी : जात. आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांच्या २०२० च्या अभ्यासात दलित आणि मुस्लिमांचे मानसिक आरोग्य सवर्ण हिंदूंपेक्षा वाईट आढळले. संपत्ती आणि शिक्षण हिशेबात धरूनही फरक उरलाच. गावकीतला अपमान सोसणारा तरुण त्याच गावकीतल्या समुपदेशकासमोर मन मोकळे करील का? समुपदेशक निवडताना हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबांतूनही ‘बाहेरचे झाले’ म्हणून देवऋषीकडे जाणारे आहेत. मुलीचे लग्न मोडेल म्हणून गोळ्या लपवणारे आहेत. आणि गंभीर आजाराच्या माणसाला औषधे बंद करून विपश्यनेला पाठवणारेही आहेत. ध्यानाचा उपयोग आहे. वारंवार उलटणाऱ्या नैराश्यात सजगतेवर आधारित उपचारांना संशोधनाचा पाठिंबा आहे. पण दहा दिवसांचे शिबिर हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, असे विपश्यना केंद्रांची नियमावलीच सांगते. कालाम सुत्तातून आपण तपासून स्वीकारायला शिकलो, तर उपचारांनाही तीच कसोटी लावली पाहिजे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळवण्याचा हक्क दिला आहे. अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय, या पातळीपासून वर मोफत मिळाली पाहिजेत. माणसाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना तीन कामे सुचवतो.

एक, ग्रामसभेत आणि माहिती अधिकारात विचारा : आपल्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून किती दिवस येतात? कोणती औषधे किती दिवस संपलेली होती? समुपदेशकाचे पद भरले आहे का?

दोन, बुद्ध विहाराची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ, कामाची पाळी सुटल्यावर, प्रशिक्षित समुपदेशकासाठी खुली करा. विहार वस्तीत आहे, तिथे जायला खाडा पडत नाही आणि ‘वेड्याचा दवाखाना’ असा शिक्काही बसत नाही. मात्र मार्गदर्शन आणि देखरेख आरोग्य विभागाकडून लेखी मागा, मानधनासह.

तीन, टेलि-मानसचा मोफत क्रमांक १४४१६ विहाराच्या फलकावर लिहा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, ती मराठीतूनही मिळते आणि रात्रीही चालू असते.

१४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. वस्तीत कोणाचे औषध तुटले, कोण दोन महिने घराबाहेर पडले नाही, याचीही वही यंदापासून ठेवूया. त्या माणसाच्या संमतीने, आणि नाव चव्हाट्यावर न आणता.