‘ओ. के.’चें कुळ

‘ओ. के.’ इतका लहान आणि इतकीं कामें करणारा दुसरा शब्द सांपडणें कठीण. संमति द्यावयाची असो, हिशेब बरोबर ठरवावयाचा असो, यंत्र सुरळीत चाललें आहे असें कळवावयाचें असो, कीं बोलणें आटोपतें घ्यावयाचें असो, हीं दोन अक्षरें पुरेशीं होतात. आपलें ‘बरें’ही असेंच बहुगुणी आहे.

परंतु ‘ओ. के.’चें मूळ कोणतें? येथें कथांचा सुकाळ आहे. कोणी म्हणतात, अमेरिकेंतील चोक्टॉ लोकांच्या भाषेंत ‘असेंच आहे’ या अर्थाचा तत्सदृश शब्द आहे, त्यापासून तो आला. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांस हेंच मत मान्य होतें. कोणी सांगतात, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांस शुद्ध लिहितां येत नसे, म्हणून ते कागदांवर हीं अक्षरें घालीत. तिसरा पक्ष ग्रीक ‘ओला काला’, म्हणजे ‘सर्व ठीक’, याकडे बोट दाखवितो.

हा तिसरा पक्ष एके काळीं माझाही होता. नव्या कराराच्या अभ्यासासाठीं मी थोडी ग्रीक शिकलों होतों, आणि विद्या मिरविण्याचा मोह शिक्षकासही होतो. वर्गांत मोठ्या डौलानें मीं ही व्युत्पत्ति सांगितली. तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “सर, हें कोठें लिहिलें आहे?” उत्तर नव्हतें, म्हणून मीं त्यास दटावून खालीं बसविलें.

घरीं येऊन शोध केला. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वॉकर रीड यांनीं जुनीं वृत्तपत्रें चाळून १९६३-६४ सालीं या प्रश्नाचा उलगडा केला आहे. बोस्टन शहरांत त्या काळीं शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांचीं आद्याक्षरें छापण्याची थट्टा रूढ होती. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, यांचीं खरीं आद्याक्षरें ‘ए. सी.’; अशुद्ध लेखनानें तीं ‘ओ. के.’ झालीं, आणि २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्यें छापलीं गेलीं. पुढच्या वर्षीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत किंडरहुक गांवच्या मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या पक्षानें तीं ‘ओल्ड किंडरहुक’ या त्यांच्या टोपणनांवाशीं जोडलीं. व्हॅन ब्यूरन पराभूत झाले. शब्द मात्र देशभर पसरला. जॅक्सन यांची कथाही त्याच धामधुमींत विरोधकांनीं उठविली होती.

मला ग्रीक कथा खरी वाटली, कारण ती सुबक होती आणि माझ्या विद्येस शोभणारी होती. पुराव्याची जागा आवडीनें घेतली, हाच माझा दोष. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली.

पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलानें ‘हें कोठें लिहिलें आहे?’ असें विचारल्यास तो उद्धटपणा समजूं नये. आणि मुलांनों, तेवढ्यावरही थांबूं नका. जॅक्सन यांची कथासुद्धां छापलेलीच होती. म्हणून कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें आणि कोणत्या हेतूनें लिहिलें, हेंही विचारा. मगच ‘ओ. के.’ म्हणा.