तीन चाकांचा संसार

संसार म्हणजे दोन चाकांचा गाडा, हे आपण लग्नाच्या मांडवापासून ऐकत आलो आहोत. या गाड्याला तिसरे चाक जोडून पाहावे, अशी कल्पना आमच्या थोरल्या बंधूंना वयाच्या पासष्टाव्या वर्षी सुचली. बडोदे सोडून ते अमेरिकेत स्थायिक झाले त्याला आता तीन तपे उलटून गेली. सेवानिवृत्तीनंतर कोणी तीर्थयात्रेस निघतो, कोणी बागेत रमतो. बंधूंनी २०१९ साली साइडकार जोडलेली ‘उरल’ नावाची रशियन मोटारसायकल घेतली, तीही सात वर्षे वापरलेली.

यामागे केवळ हौस नव्हती. वहिनींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. मोटारसायकलवर मागे टांग टाकून बसणे त्यांना अशक्य, आणि बंद मोटारीत त्यांचा जीव गुदमरतो. बडोद्यास असताना बंधूंच्या स्कूटरला साइडकार होती. वाचकांपैकी पुष्कळांना तो काळ आठवत असेल. पुढे थोरला उभा, मागे गृहलक्ष्मी, आणि बाजूच्या डब्यात आजी, धाकटे शेंडेफळ व भाजीची पिशवी! त्या डब्यात आता वहिनींनी बसावे, हा बंधूंचा मनसुबा होता. मुलाने कडाडून विरोध केला. या वयात नसते साहस कशाला, हा त्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता.

या गाडीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रशियनांनी जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. आर-७१ या गाडीवरून एम-७२ ही आपली लष्करी गाडी बेतली आणि १९४१ मध्ये मॉस्को येथे ती तयार होऊ लागली. त्याच वर्षी जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने आल्या, तेव्हा कारखाना उचलून उरल पर्वताच्या पूर्वेस इरबिट या गावी हलवण्यात आला. हे गाव पूर्वी लोकरी कातड्यांच्या मोठ्या जत्रेसाठी प्रसिद्ध होते. तेथे कारखान्याजोगी इमारत होती ती एका बिअरच्या भट्टीची. तीतच यंत्रे मांडली गेली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये इरबिटच्या पहिल्या गाड्या आघाडीवर रवाना झाल्या. ज्या शत्रूच्या नमुन्यावरून गाडी घडली, त्याच शत्रूशी ती लढली. इतिहासाला अशा विसंगती फार प्रिय असतात.

युद्ध संपले आणि पुढे ही गाडी नागरिकांच्या दारात आली. बटाट्यांची पोती, गवताचे भारे, घरची माणसे, सारे काही साइडकारमधून जाऊ लागले. सोव्हिएत संघ विलयास गेल्यावर कारखान्याचे उत्पादन कोसळले, पण गाडी नामशेष झाली नाही. परदेशांतील, विशेषतः अमेरिकेतील, हौशी ग्राहकांनी तिला तगवून धरले.

रचना साधी आणि जुन्या वळणाची. इंजिनाचे दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, दोन्ही अंगांनी बाहेर डोकावणारे, वाऱ्याने थंड होणारे. साखळीऐवजी फिरता दांडा मागच्या चाकास गती देतो. बंधूंच्या गाडीचे इंजिन ७४९ घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. गाडीचे वजन मात्र ३०० किलोंहून अधिक, त्यामुळे ताशी ९० किलोमीटरच्या पुढे तिला पिटाळण्यात शहाणपणा नाही. लिटरमागे चौदा-पंधरा किलोमीटर जाते, म्हणजे काटकसरीचा दावा तिने करू नये. मात्र तिला उलटा गिअर आहे, आणि काही गाड्यांत एक खटका ओढला की साइडकारचे चाकही इंजिनाला जोडले जाते. चिखलात वा बर्फात हे वरदानच! डांबरी रस्त्यावर मात्र तो खटका ओढू नये. दोन्ही चाके सारख्याच गतीने फिरू लागतात आणि गाडी वळायला नकार देते.

२०१४ पासून या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन विजेच्या नियंत्रणाखालची इंधन-फवारणी आली. बंधूंनी मुद्दाम त्याआधीची गाडी निवडली. जी वस्तू आपल्या हातांनी खोलता येते तीच खरी आपली, असे त्यांचे मत. किल्ली फिरवून सुरू होते, पण पायाने मारायची किकही आहे.

वहिनींनी होकार दिला तो एका अटीवर: आधी रीतसर शिक्षण, मग मी बसेन. ही अट किती शहाणपणाची होती ते नंतर कळले. साइडकारची गाडी मोटारसायकलसारखी झुकत नाही. हँडल जोर लावून वळवावे लागते. साइडकार उजवीकडे असेल तर वेग वाढवताना गाडी उजवीकडे ओढते, ब्रेक लावताना डावीकडे. सर्वांत धोक्याचे म्हणजे उजवे वळण. वेग जास्त आणि साइडकार रिकामी असली की ती अलगद हवेत उचलली जाते. दुचाकी चालवण्याची वर्षानुवर्षांची सवय येथे उपयोगी पडत नाही, उलट आड येते. बंधू राहतात त्या वॉशिंग्टन राज्यात अशा गाडीसाठी तीन चाकांची वेगळी अनुज्ञा लागते. त्यांनी वर्गात नाव घातले. मोकळ्या मैदानावर साइडकारमध्ये तांदळाची पोती ठेवून महिनाभर वळणे गिरवली. तेव्हा कुठे पोत्यांची जागा वहिनींनी घेतली. मुलाचा विरोधही त्या मैदानावरच मावळला.

देखभाल हा या गाडीचा नित्यनेम आहे. तेल बदलणे, चाकांच्या तारा तपासणे, सैल झालेले नटबोल्ट आवळणे, आणि इंजिन गार असताना टॅपेटचे अंतर मोजणे. सिलिंडर बाहेर आलेले असल्यामुळे स्टुलावर बसून हे काम होते. आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा पोलादाची पातळ पट्टी फटीत सरकवून अंतराचा अंदाज घेत होत्या त्या वहिनी! बंधू शेजारी पाना धरून आज्ञेची वाट पाहत उभे. इतक्या वर्षांच्या संसारात हा देखावा आम्ही प्रथमच पाहिला.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, निर्बंध आले, आणि ‘उरल’ची जुळणी इरबिटहून कझाकस्तानातील पेत्रोपाव्ल येथे हलवावी लागली. युद्धामुळे जागा सोडावी लागण्याचा हा या गाडीच्या नशिबी आलेला दुसरा प्रसंग. गाडी विकावी काय, हा प्रश्न त्या दिवसांत बंधूंच्या मनात घोळत होता. ज्या देशाच्या तोफा परक्या गावांवर धडाडत आहेत, त्याची खूण दारात का मिरवावी? वहिनींचे म्हणणे वेगळे पडले. त्या म्हणाल्या, “गाडी जोडणाऱ्या कामगाराने युद्ध पुकारले नाही, आणि दहा वर्षांपूर्वी घडलेल्या लोखंडाने तर नाहीच.” हा युक्तिवाद सर्वांना पटेल असे नाही. बंधूंनाही तो पुरता पटला आहे असे आम्हांस वाटत नाही. पण गाडी राहिली.

अशी गाडी घ्यावी काय, असे वाचकांपैकी कोणी विचारील. ज्यास वेळेवर पोहोचायचे आहे, ज्यास हात काळे करण्याचा तिटकारा आहे, त्याने तिच्या वाटेस जाऊ नये. जो घेईल त्याने प्रथम शिकावे, मग चालवावे, आणि साइडकारमध्ये बसणाऱ्याचा जीव आपल्या हातात आहे हे प्रत्येक वळणावर स्मरावे. आपल्या मुलुखात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. तेव्हा साइडकारही डावीकडे असलेली बरी, आणि मग वर सांगितलेले सारे नियम उलट समजावेत.

आपल्या घरांतून अशा कितीतरी जुन्या वस्तू अडगळीत पडून आहेत: शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ, पायपेटी. त्या सतत काही मागत असतात. कधी तेल, कधी वेळ, कधी दुसऱ्या माणसाचा हात. मागणे बंद झालेली वस्तू घरात नुसती पडून राहते. माणसांच्या बाबतीतही हा नियम फारसा बदलतो असे आम्हांस वाटत नाही.